एका डॉलरची सही

मुलांनो, आमच्या शाळेच्या पालकसभेत दरवर्षी दोन प्रकारचे पालक हमखास भेटतात. एक म्हणतात, "बाई, हा सारखा बॅट घेऊन मैदानावर. याचं पुढं कसं व्हायचं?" दुसरे म्हणतात, "बाई, आम्ही याला खेळातच घालायचं ठरवलंय, तेवढी हजेरीची सवलत बघा." गंमत म्हणजे पोरगा तिसरी-चौथीत असतो! त्याला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नसते, आणि घरात मात्र त्याच्या भविष्याचा निकाल लागलेला असतो.

या दोन्ही पालकांना मी एकच गोष्ट सांगते. ती क्रिकेटची नाही, बेसबॉलची आहे. अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याची आणि त्याच्या मुलाची. मुलगा सतरा वर्षांचा असताना पैसे घेऊन खेळायला लागला, साऱ्या देशात गाजला. पण मला त्याच्याइतकेच, खरं सांगायचं तर थोडे जास्तच, त्याचे वडील आवडतात. तुम्ही वाचा, आणि वाचून झालं की अंक आईबाबांच्या हातात द्या.

आधी बेसबॉलचं थोडं समजून घेऊ. आपल्याकडच्या गोलंदाजासारखा तिथं 'पिचर' असतो. तो धावत येत नाही, मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो. चेंडूला टप्पा नाही, थेट हवेतून फलंदाजाकडे. दोघांमध्ये अंतर साडेसाठ फूट, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडं कमीच. फलंदाजाच्या मागं हातमोजा घालून बसतो तो 'कॅचर'. फलंदाजाचे तीन 'स्ट्राइक' झाले की तो बाद. चांगला पडलेला चेंडू सोडला तरी स्ट्राइक, बॅट फिरवून हुकला तरी स्ट्राइक. पिचरनं असा फलंदाज बाद केला की त्याला 'स्ट्राइकआउट' म्हणतात. एका सामन्यात एका संघाचे सत्तावीस फलंदाज बाद करायचे असतात. हा सत्तावीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता चला आयोवा राज्यात. अमेरिकेच्या मध्यभागी मक्याच्या शेतांचा हा मुलूख. तिथं व्हॅन मीटर नावाचं छोटं गाव आहे, तेव्हा वस्ती शेपाचशेची. गावाजवळ रकून नदीकाठी बिल फेलर यांचं शेत होतं. त्यांची पत्नी लीना. त्या शिक्षिकाही होत्या आणि प्रशिक्षित परिचारिकाही. मुलगा बॉब ३ नोव्हेंबर १९१८ चा. त्याला एक धाकटी बहीण.

बिल यांना बेसबॉलचं भारी वेड. आपल्याला जमलं नाही ते मुलानं करावं, असं बऱ्याच बापांना वाटतं. फरक पुढं पडतो. काही बाप नुसते वाटून घेतात आणि मुलाच्या मागं लागतात. बिल फेलर स्वतः मुलाच्या समोर उभे राहिले, हातमोजा घालून! दिवसभराची कामं उरकली की बॉब चेंडू टाकायचा आणि वडील पकडायचे. आयोवातला हिवाळा म्हणजे सगळीकडे गुडघाभर बर्फ. तेव्हा दोघं धान्याच्या मोठ्या कोठारात दिवे लावून सराव करायचे. दमलेला शेतकरी रात्री काय करतो, हे तुमच्यापैकी खेड्यात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. जेवतो आणि आडवा होतो.

बिल यांनी आणखी एक गोष्ट केली. ती ऐकून माझे शेतकरी पालक आधी हसतात आणि मग गप्प होतात. मक्याला फार राबावं लागतं. म्हणून त्यांनी काही शेतात मक्याऐवजी गहू घेतला, कारण गव्हाला कष्ट कमी आणि वेळ वाचतो. कशासाठी वाचवायचा? तर मुलाबरोबर खेळण्यासाठी! आजूबाजूचे शेतकरी काय म्हणाले असतील, याची कल्पना करा.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९३० नंतरची ती वर्षं अमेरिकेत महामंदीची होती. मक्याला भाव इतका पडला होता की आयोवातले काही शेतकरी थंडीत कोळशाऐवजी मकाच चुलीत जाळत होते. विकण्यापेक्षा जाळणं परवडायचं! अशा दिवसांत बाप-लेकांनी शेताच्या एका भागातली झाडं तोडली, जमीन सपाट केली, कुंपण घातलं, लोकांना बसायला जागा केली, गुणफलक उभारला. शेतातच बेसबॉलचं मैदान! त्याला नाव दिलं 'ओक व्ह्यू पार्क', ओकची झाडं दिसतात ते मैदान. स्वतःचा संघ उभा केला. रविवारी सामने व्हायचे, बघायला लोक तिकीट काढून यायचे, आणि तेरा-चौदा वर्षांचा बॉब मोठ्या बाप्यांबरोबर खेळायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढे लाड? तसं नाही हं. बॉबला गाईंच्या धारा काढाव्या लागत, मका खुडावा लागे, गवताचे भारे उचलावे लागत. आपल्या हातात जोर आला तो या कामांमुळं, असं तो म्हातारपणापर्यंत सांगत असे. व्यायामशाळेची फी न भरता झालेला व्यायाम!

एकदा सरावात एक प्रकार घडला. पिचर कुठला चेंडू टाकणार हे कॅचर बोटांच्या खुणेनं ठरवतो, म्हणजे त्याला हात कुठं न्यायचा ते कळतं. त्या दिवशी वडिलांना एक चेंडू अपेक्षित होता, बॉबनं टाकला दुसराच. चेंडू थेट छातीवर आदळला आणि बिल यांच्या बरगड्या मोडल्या. मला वाटतं, त्या दिवशी बापाला वेदनेबरोबर दुसरंही काही कळलं असेल. हा चेंडू आता आपल्याला झेपणारा नाही. पोरगं आपल्या पुढं गेलं.

अशा मुलाची बातमी लपून राहत नाही. मोठे क्लब गावोगाव माणसं पाठवतात, चांगली मुलं हेरण्यासाठी. क्लीव्हलंड इंडियन्स या मोठ्या क्लबचे साय स्लॅप्निका हे मूळचे आयोवाचेच. १९३५ च्या उन्हाळ्यात ते फेलरांच्या शेतावर आले. मुलाचा चेंडू पाहिला आणि तिथंच करार करायचं ठरवलं. बॉब तेव्हा सोळा वर्षांचा. करारात मोबदला किती ठाऊक आहे? एक डॉलर! आणि क्लीव्हलंडच्या खेळाडूंच्या सह्या असलेला एक चेंडू. मुलगा कायद्यानं अजाण, त्यामुळं बापाची संमती हवी. बिल यांनी ती दिली.

त्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. लीनाबाई स्वतः शिक्षिका. पोराची शाळा अजून दोन वर्षं बाकी. तुमची आई काय म्हणाली असती?

पुढच्या वर्षी, १९३६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, अकरावी संपवून बॉब क्लीव्हलंडला गेला. ६ जुलैला एक मैत्रीपूर्ण सामना होता, समोर सेंट लुई कार्डिनल्सचा दांडगा संघ. सतरा वर्षांच्या या मुलाला तीन डाव चेंडू टाकायला दिले. त्यानं आठ फलंदाज स्ट्राइकआउट केले! तीन डावांत बाद करायचे असतात नऊ. मग २३ ऑगस्टला त्याला पहिल्यांदा पूर्ण सामना मिळाला, सेंट लुई ब्राउन्सविरुद्ध. त्यात पंधरा. आणि १३ सप्टेंबरला फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सविरुद्ध सतरा! सत्तावीसपैकी सतरा जणांना एकट्यानं माघारी धाडलं. वय वर्षं सतरा, बळी सतरा. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं?

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हंगाम संपला. देशभर नाव झालेलं. आणि हा मुलगा काय करतो? व्हॅन मीटरला परत येतो आणि शाळेत जाऊन बसतो. शाळेचं शेवटचं वर्ष पूर्ण करायला! कालपर्यंत ज्याला बघायला हजारो लोक यायचे, तो आता बाकावर बसून गणितं सोडवतोय. मी शिक्षिका आहे, त्यामुळं मला हे आवडणार हे उघड आहे. पण हे चित्र डोळ्यांपुढं आणून तर बघा. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्याचा चेहरा 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला, आणि मे महिन्यात तो शाळेच्या परीक्षेत पास होऊन बाहेर पडला. त्या छोट्याशा शाळेचा पदवीदान समारंभ एनबीसी रेडिओनं साऱ्या अमेरिकेला ऐकवला!

त्याच हिवाळ्यात घरात मात्र एक मोठं संकट उभं होतं. त्या वेळचा नियम असा की मोठ्या क्लबनं शाळकरी, हौशी मुलांशी थेट करार करायचा नाही. ते काम छोट्या क्लबांचं. स्लॅप्निकांनी पळवाट काढली होती. कागदावर बॉबला फार्गो-मूरहेड या छोट्या संघात दाखवलं, तिथून न्यू ऑर्लिन्सला बदललं, पण तो या दोन्ही संघांकडून एकही सामना खेळला नव्हता. दे मॉइनच्या क्लबनं तक्रार केली. प्रकरण गेलं बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांच्यापुढं. हे गृहस्थ पूर्वी न्यायाधीश होते आणि नावात डोंगर घेऊनच फिरत. त्यांच्यापुढं भलेभले क्लबमालक चळाचळा कापायचे.

गंमत अशी, की लँडिस यांनी करार रद्द केला असता तर बॉब मोकळा झाला असता. मग सगळ्या क्लबांनी त्याच्यासाठी बोली लावली असती. लाखभर डॉलर सहज मिळाले असते, असं तेव्हाचे जाणकार म्हणत. मक्याला भाव नसलेल्या त्या काळात लाख डॉलर! कुणीही बाप म्हणाला असता, करा रद्द. बिल फेलर यांनी लँडिस यांना उलटं सांगितलं. आम्हाला क्लीव्हलंडच हवं. करार रद्द केलात तर कोर्टात जाऊ, इथपर्यंत ते बोलले. मुलाची इच्छाही तीच होती. डिसेंबर १९३६ मध्ये निकाल लागला. बॉब क्लीव्हलंडकडेच राहिला आणि क्लबनं दे मॉइनला साडेसात हजार डॉलर भरले.

हे शहाणपण होतं की भोळेपणा? माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलांचे दोन तट पडतात. मला विचाराल तर त्यांनी मुलाचा लिलाव होऊ दिला नाही, एवढंच मला दिसतं.

पण सगळेच बाप बिल यांच्यासारखे शांत नसतात. मिकी मँटलचे वडील मट मँटल पाहा. ओक्लाहोमा राज्यात कॉमर्स नावाचं गाव आहे. तिथं शिसं आणि जस्त यांच्या खाणी होत्या, त्या खाणीत मट राबायचे. आपल्या पोरानं जमिनीखाली जाऊ नये हे त्यांचं एकच स्वप्न. मुलाचं नावसुद्धा त्यांनी मिकी कॉक्रेन या आवडत्या खेळाडूवरून ठेवलं. रोज संध्याकाळी खाणीतून आले की पत्र्याच्या शेडपुढं मिकीला उभं करायचं. वडील उजव्या हातानं चेंडू टाकणार, आजोबा डाव्या हातानं, आणि पोरानं दोन्ही बाजूंनी बॅट चालवायला शिकायचं. शाळेत असताना फुटबॉल खेळताना त्याच्या नडगीला लाथ बसली आणि हाडात जंतुसंसर्ग झाला. पाय कापण्यापर्यंत गोष्ट आली होती. घरच्यांनी ते मान्य केलं नाही. पेनिसिलिन हे त्या वेळचं नवं औषध मिळालं आणि पाय वाचला.

१९४९ मध्ये शाळा संपली आणि सतराव्या वर्षी मिकीनं न्यूयॉर्क यांकीजशी करार केला. दोन वर्षांनी, एकोणिसाव्या वर्षी, थेट मोठ्या संघात. पण तिथं जमेना. १९५१ च्या जुलैमध्ये त्याला खालच्या संघात, कॅन्सस सिटीला, पाठवलं. तिथंही बॅटीला चेंडू लागेना. पोरगं खचलं. वडिलांना कळवलं, आता होत नाही. मट गाडी घेऊन कॅन्सस सिटीच्या हॉटेलात आले. मिकीला वाटलं बाबा पाठीवर हात फिरवतील. बाबांनी खोलीत येऊन त्याची बॅगच भरायला घेतली! म्हणाले, चल घरी, माझ्याबरोबर खाणीत काम कर. ही हकिकत मिकी पुढं आयुष्यभर सांगत असे. पोरगं रडलं, आणखी एक संधी मागितली. आणि नंतर असा खेळला की ऑगस्टमध्ये यांकीजनी परत बोलावलं.

गोष्ट कानाला छान लागते. पण मला स्वतःला ती थोडी टोचते. त्या दिवशी पोरगं खरंच घरी निघून गेलं असतं तर? प्रत्येक मुलाला असा धक्का मानवतोच असं नाही. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत जी एका रागाच्या शब्दानं आठवडाभर बोलत नाहीत. तेव्हा पालकहो, मिकीची गोष्ट वाचून लगेच कुणाची बॅग भरू नका.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजच्या सामन्यात मिकीचा गुडघा दुखावला. वडील त्याला टॅक्सीनं रुग्णालयात घेऊन गेले. उतरताना मिकीनं त्यांच्या खांद्यावर भार टाकला, आणि तो धिप्पाड खाणकामगार रस्त्यावरच कोसळला. त्यांना हॉजकिन्स नावाचा कर्करोग झाला होता. कुणाला पत्ताही नव्हता. बाप-लेक एकाच खोलीत, शेजारच्या खाटांवर पडून उरलेले सामने पाहत होते. पुढच्या मे महिन्यात मट गेले. वय अवघं चाळीस.

आजकाल ही वाट कशी असते तेही सांगते. दर वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतले तीस मोठे क्लब पाळीपाळीनं खेळाडू निवडतात, त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलंही त्यात असतात. घरी मोठा प्रश्न पडतो: आताच सही करायची की कॉलेजला जायचं? चार वर्षांच्या कॉलेजात गेलं तर साधारण तीन वर्षं किंवा एकविसावं वर्ष लागेपर्यंत पुन्हा निवड होत नाही. म्हणून पुष्कळ पालक करारातच लिहून घेतात, की खेळ संपला तर कॉलेजचा खर्च क्लबनं द्यायचा. सही केली म्हणजे लगेच मोठं मैदान मिळतं असंही नाही. आधी छोट्या गावांतले खालच्या पायऱ्यांवरचे संघ, रात्रभराचे बसप्रवास. राहायची सोय क्लबांनी करायची हे तर २०२२ पासून ठरलं. बहुतेक मुलं मोठ्या संघापर्यंत पोचतच नाहीत. कॉलेजची ती ओळ किती महत्त्वाची, ते यावरून कळेल.

आपल्या देशातली दोन मुलंही या वाटेनं गेली आहेत बरं का! उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघंही भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात जोरात चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, त्यातून ते निवडले गेले. रिंकूचे वडील ट्रकचालक, घर एका खोलीचं, भावंडं नऊ. त्या आईवडिलांनी बेसबॉल हा खेळ कधी पाहिलासुद्धा नसेल, तरी मुलाला सातासमुद्रापलीकडे जाऊ दिलं. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स क्लबनं दोघांशी करार केला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या संघापर्यंत मात्र दोघंही पोचले नाहीत. दिनेश २०१० मध्ये परत फिरला. रिंकू काही वर्षं खेळला, मग हाताच्या दुखापतींनी त्याला थांबवलं आणि पुढं तो कुस्तीच्या आखाड्यात उतरला.

असो. बॉबकडे परत येऊ, कारण त्याच्या आईचं सांगायचं राहिलंच. १४ मे १९३९, अमेरिकेतला मातृदिन. शिकागोत सामना होता. आईवडील आणि बहीण खास बघायला आले. आणि बॉबच्याच चेंडूवर फलंदाजानं मारलेला एक तिरपा फटका थेट प्रेक्षकांत गेला आणि लीनाबाईंच्या तोंडावर आदळला. चष्मा फुटला, टाके पडले. मातृदिनाची काय ही भेट! बॉब धावत गेला, आई ठीक आहे याची खात्री केली, मग सामना पूर्ण केला आणि जिंकला.

आणि तरीही ही मंडळी पुन्हा आली! १६ एप्रिल १९४०, हंगामाचा पहिलाच दिवस, तेच शिकागोचं मैदान, कडाक्याची थंडी. आईवडील आणि बहीण प्रेक्षकांत बसलेले. बॉबनं पूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. याला 'नो-हिटर' म्हणतात. संघ १-० नं जिंकला. हंगामाच्या पहिल्याच दिवशी असा पराक्रम कुणी तोवर त्या शतकात केला नव्हता.

पुढच्या वर्षी बिल आजारी पडले. मेंदूचा कर्करोग. ७ डिसेंबर १९४१ रोजी बॉब नव्या करारासाठी गाडीनं शिकागोला निघाला होता. वाटेत रेडिओवर बातमी लागली, जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. वडील आजारी, घर त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याला लष्करी सेवेतून सूट होती. ती त्यानं घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी तो नौदलात भरती झाला. आजारी बापाला सोडून जाणं बरोबर होतं का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण बापानं शिकवलेलं तोच असा निर्णय घेणार, असंही वाटतं.

जानेवारी १९४३ मध्ये बिल वारले. बॉब युद्धनौकेवरची नोकरी संपवून परतला. २४ ऑगस्ट १९४५ रोजी क्लीव्हलंडच्या मैदानावर तो जवळजवळ चार वर्षांनी चेंडू घेऊन उभा राहिला. समोर डेट्रॉइटचा संघ. बॉबनं बारा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि सामना जिंकला. मैदानावर मोठी गर्दी जमली होती. कोठारात हातमोजा घालून त्याच्या समोर उभा राहिलेला माणूस तेवढा त्या गर्दीत नव्हता.